एकशे त्रेचाळीसावं पान

१. रिकामी फळी

कपाट उघडं होतं, आतली फळी जागच्या जागी होती, आणि त्या फळीवर अडतीस वर्षं बांधून ठेवलेली बंदुकीची फुटकी नळी गायब होती. फोटोग्राफर स्टँड लावून तयार उभा होता.

"बाई, मग फोटो कशाचा काढू?" त्यानं विचारलं.

"माझ्या नशिबाचा काढ," मी म्हटलं, आणि त्याला चहा प्यायला पिटाळलं.

मी कंपन्यांचे इतिहास लिहिते. साबणाच्या कारखान्याचा लिहिला, पंपवाल्यांचा लिहिला, कुलपांच्या कंपनीचा लिहिला. साबणवाल्यांनी निदान दोन वर्षं पुरतील इतके साबण दिले होते. आताचा कारखाना शिकारीच्या आणि नेमबाजीच्या बंदुकांचा, त्यामुळे भेटवस्तूची आशा मी आधीच सोडली होती. एका कुलूप दुरुस्त करणाऱ्यानं घरामागच्या पडवीत ही कंपनी सुरू केली, त्याच्या मुलानं ती नावारूपाला आणली, आणि आता त्याची नात चालवते. शंभर वर्षं पूर्ण होताहेत म्हणून हा इतिहास. पुस्तक परवा छापायला जायचं होतं आणि एकच पान अडलं होतं, एकशे त्रेचाळीसावं.

त्या पानावर एक वाक्य होतं. ‘नळीकामगाराच्या हलगर्जीपणामुळे सदोष नळी फुटून चाचणी कामगाराला डावा हात गमवावा लागला, संबंधित नळीकामगारास कामावरून काढून टाकण्यात आले.’ जुन्या चौकशीच्या टिपणातून मी ते जसंच्या तसं उचललं होतं. ते नळीवाले आता हयात नाहीत. पण त्यांची मुलगी याच कारखान्यात बंदुकांवर वेलबुट्टी कोरते. सगळे तिला नक्षी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पंधरा दिवसांपूर्वी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती.

"पुस्तकात माझ्या बाबांबद्दल एवढंच आहे?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"माझी मुलगी आता वाचायला लागलीय. पुस्तक घरी आलं की आजोबा कुठे आहेत म्हणून ती पानं उलटेल. हे वाक्य काढता नाही का येणार?"

"कागदात आहे ते मी लिहिते," मी म्हटलं. "उलटं सांगणारा पुरावा आण, त्याच दिवशी बदलते." हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं होतं. ती गेल्यावर मलाच खट्टू वाटलं, आणि मग आठवलं की एक पुरावा कारखान्यातच आहे. ती फुटलेली नळी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी, फळीवर बांधून नोंदीच्या खोलीत ठेवली होती. तिचा फोटो काढायचा, जाणकाराला दाखवायचा, असं मी ठरवलं. आणि आज सकाळी कपाटापाशी यावं तर हे.

मी पोलीस नाही, पण जुन्या कागदांत आयुष्य घातलेल्या बाईला बारीकसारीक बघायची खोड असते. कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलं होतं. नळी बांधायची सुती दोरी खाली पडली होती. ती कापलेली नव्हती. गाठ सोडवलेली होती आणि गाठीच्या जागी दोरी चपटी होऊन तिच्यावर बारीक खाचा उमटल्या होत्या. खोलीला एकच खिडकी. कागद उन्हानं फिके पडू नयेत म्हणून तिच्यावर जाड पडदा असतो आणि तो कधीही सरकवलेला मी पाहिला नव्हता. आज तो पूर्ण बाजूला होता.

आणि फळी. इतक्या वर्षांच्या धुळीतेलानं ती काळी पडली होती, पण नळी होती तेवढी जागा फिकट राहिली होती. सरळ काठीसारखी आकृती, आणि मधोमध, किंवा मध्याच्या जरा पुढेच म्हणू, पोट फुगलेलं. काहीतरी गिळून बसलेल्या सापासारखं.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक मालकीणबाईंकडे, आणि दुसरी त्या माणसाकडे, ज्याचा हात त्या नळीनं नेला होता.

२. मोकळी आहे

त्यांना सगळा कारखाना काका म्हणतो. अपघातातून उठल्यावर मोठ्या साहेबांनी त्यांना नोंदीच्या खोलीत बसवलं, ते आजतागायत. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्यांना घरी पाठवणं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

काकांची एक लकब होती. माझी प्रुफं छापखान्यातून गुंडाळी करून यायची. ती माझ्या हातात देण्याआधी काका गुंडाळी डोळ्याला लावायचे, दिव्याकडे आरपार बघायचे, "मोकळी आहे" म्हणायचे आणि मगच द्यायचे. बागेतल्या पाण्याच्या पाइपालाही हेच. एकदा नळ दुरुस्त करणारा खांद्यावर पाइप घेऊन चालला होता, त्याला थांबवून काकांनी तो आरपार बघितला होता. म्हातारपणी माणसाला एखादा छंद जडतोच, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं होतं.

जेवणाच्या सुमारास मी त्या खोलीत परत गेले तेव्हा काका फायलींचं बाड बांधत होते. दोरीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात. बघता बघता गाठ बसली. मला दोन हातांनी तेवढं नीट जमत नाही.

"काका, नळी गेली."

"ऐकलं."

"किल्ली?"

त्यांनी शर्टाच्या आतून काढून दाखवली. गळ्यातच होती.

"पडदा कुणी सरकवला असेल?"

"वाऱ्यानं सरकला असेल."

"खिडकी बंद आहे हो."

काकांनी बाडाची गाठ पुन्हा घट्ट ओढली. मग मी विचारलं, "खरं सांगा, ती नळी खराब होती?"

"चौकशीत तसंच लिहिलंय."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी त्याच्यासारखा नळीवाला बघितला नाही," काका म्हणाले. "नळी खिडकीकडे धरायचा. आत गजाची सावली पडते, ती जरा वाकडी दिसली की हातोडीचा एकच ठोका. दुसरा कधी मारावा लागला नाही."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढे विचारणार तेवढ्यात नक्षी डबा घेऊन आली. ती रोज दुपारी काकांना जेवण आणते. तिनं डब्याची झाकणं उघडून ठेवली, पोळीचे तुकडे केले, आणि हे सगळं काकांच्या लक्षातही येणार नाही अशा बेतानं, बोलता बोलता केलं. पितळी डब्याचं झाकण एका हातानं निघत नाही, ही गोष्ट त्या दोघांत कधी बोलली गेली नसावी.

मला बघून तिनं मान खाली घातली. ती बाहेर पडल्यावर मी तिच्यामागोमाग गेले.

"तुझ्या बाबांनी कधी काही सांगितलं नाही? त्या दिवसाबद्दल?"

"नाही. मी त्याच दिवशी जन्मले, एवढंच मला माहीत. शेजारच्या बायका मला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. आली आणि बापाची नोकरी घालवली, काकांचा हात घालवला." ती हे रोजच्या बोलण्यासारखं सांगत होती. "बाबा रागावले नाहीत कधी. सायकली दुरुस्त करून त्यांनी मला वाढवलं. पण माझ्या वाढदिवसाला ते घरात थांबायचे नाहीत. सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. कुठे जायचे, कधी सांगितलं नाही. मी समजून घेतलं."

तिनं काय समजून घेतलं होतं ते मला विचारवलं नाही. तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. मालकीणबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं होतं, ताबडतोब.

३. मी घेतली

मालकीणबाई वडिलांच्याच टेबलामागे बसतात. साठी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्यानं उभं राहून ऐकावं अशा. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय त्यांच्यावर होता. नळी चांगली निघाली असती तर त्यांच्या वडिलांनी निर्दोष माणसाला हाकललं असं ठरलं असतं, आणि कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात होती.

"माझ्याकडे असं बघू नका," त्या मला म्हणाल्या. "मला ती नळी लपवायची असती तर ती या कारखान्याच्या भट्टीत कधीच वितळली असती. आमच्याकडे भट्टीला तोटा नाही."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

मग त्या नक्षीकडे वळल्या. "रोज दुपारी तू त्या खोलीत जातेस. काका जेवून डुलकी काढतात तेव्हा किल्ली त्यांच्या गळ्यात असते. वाक्य काढा म्हणून तू बाईंकडे गेली होतीस. फोटो निघाला असता तर वडिलांची चूक छापून आली असती. मी चुकतेय का?"

"काका म्हणतात त्यांना काहीच माहीत नाही," मी मध्ये बोलले.

"मग दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय. काकांना या वयात मी चोर ठरवू?"

नक्षीनं मान वर केली. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते. तो प्रश्न ऐकेपर्यंत तिचा चेहरा घाबरलेला होता आणि तो ऐकल्यावर शांत झाला.

"मी घेतली," ती म्हणाली. "काकांचा काही संबंध नाही. ते झोपले असताना किल्ली काढली."

"कुठे आहे नळी?"

"नदीत टाकली."

"कशी होती ती?" हे मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. इतिहासवाल्यांना वर्णन लिहून घ्यायची सवय असते म्हणून असेल.

"कशी म्हणजे? मागच्या बाजूला फुटलेली. काडतूस बसतं तिथे. पत्रा उलटा वळला होता."

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याच टेबलापाशी तुझ्या वडिलांना काढलं होतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला वाटला होता तितका कठोर नव्हता. "तुलाही काढायची वेळ माझ्यावर आणू नकोस. उद्या सकाळपर्यंत विचार कर."

खोलीबाहेर आल्यावर मी जागच्या जागी थांबले. फळीवरची ती फिकट आकृती डोळ्यांपुढे आली. पोट मध्याच्या पुढे फुगलेलं होतं. मागची बाजू काठीसारखी सरळ.

नक्षीनं ती नळी जन्मात पाहिली नव्हती.

४. माझंच पुस्तक

स्वतःचं लिहिलेलं कुणी मन लावून वाचत नाही, आणि मी तर मुळीच नाही. पण त्या दुपारी मी माझीच प्रुफं काढून बसले. पान एकशे बारा, ‘चाचणी’ हे प्रकरण. आताच्या चाचणी शेडमधल्या माणसानं सांगितलेलं मी तिथे लिहिलं होतं, आणि लिहून विसरले होते.

‘प्रत्येक नळी आधी दुप्पट दारू भरून, लांबून दोरी ओढून उडवतात. त्यात टिकली तरच तिच्यावर शिक्का बसतो, आणि मग जोडलेली बंदूक हातात धरून साध्या काडतुसानं तपासतात. सदोष नळी बहुधा मागे, काडतुसापाशी फुटते, कारण स्फोटाचा सर्वांत मोठा जोर तिथे असतो. नळी मध्ये किंवा पुढे फुटली, तर तिथे आत काहीतरी अडकलेलं असतं.’

आणि खाली आणखी एक ओळ. ‘सुटीच्या आदल्या संध्याकाळी गंज चढू नये म्हणून चाचणी कामगार प्रत्येक नळीत तेलात भिजवलेल्या चिंधीचा बोळा सारून ठेवतो, आणि सुटीनंतर तो काढतो. काडतूस भरण्याआधी नळी डोळ्याला लावून आरपार बघायची, हा त्याचा पहिला नियम.’

मी नोंदीच्या खोलीत जाऊन त्या वर्षीचं चाचणीचं रजिस्टर काढलं. त्या नळीपुढे दुप्पट दारूचा शिक्का होता. म्हणजे दुप्पट दारू तिनं पचवली होती, आणि चार दिवसांनी साध्या काडतुसानं ती फुटली. अपघाताचा वार पाहिला. सोमवार. आदल्या दिवशी सुटी.

मग मला काकांची ती लकब आठवली, आणि हसण्यावारी नेल्याची लाज वाटली. खराब पोलादानं ज्याचा हात नेला तो माणूस लोखंडाला भिईल. वाजवून बघेल, तडा शोधेल. तो प्रत्येक पाइपातून, प्रत्येक गुंडाळीतून आरपार कशाला बघेल? आरपार तोच बघत राहतो, जो एकदा बघायचा राहिला होता.

दोरीवरच्या खाचा दातांच्या होत्या. पडदा वाऱ्यानं नाही, उजेडासाठी सरकवला होता. नळी हातात आली की आधी खिडकी गाठायची, हा चाचणी शेडचा धर्म. चोरी करतानाही काकांच्यानं तो मोडवला नव्हता.

मी नक्षीच्या टेबलाशी गेले. "चल," मी म्हटलं. "काकांकडे जायचंय. आणि तुझ्या घराण्यात दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची जी खोड आहे ना, तिच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय."

५. पहिला बार

काका कारखान्यामागच्याच एका खोलीत राहतात. दार लोटलेलं होतं. नळी त्यांच्या पलंगावर, धुतलेल्या टॉवेलवर ठेवली होती. मधोमध फाटून पत्रा बाहेर वळला होता आणि त्या फटीत काळी, जळकी चिंधी चिकटलेली होती.

काकांनी आधी मला पाहिलं आणि मग माझ्यामागे दारात उभ्या नक्षीला.

"तिनं सांगितलंय की नळी तिनं चोरली," मी म्हटलं. "उद्या तिची नोकरी जाईल."

काका पलंगाच्या कडेवर बसले. 

"लपवायला आणली नव्हती," ते म्हणाले. "बाईंचं ते पान वाचलं आणि वाटलं, आजवर नुसतं बोलणं होतं, आता छापून येणार. त्याआधी हिला मी सांगायला हवं. नळी हिच्या पुढ्यात ठेवायची आणि सांगायचं, असं ठरवून काल संध्याकाळी आणली. आज दुपारी डबा घेऊन आली तेव्हाही सांगणार होतो. तिनं पोळीचे तुकडे केले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"काय सांगायचं होतं, काका?" नक्षीनं विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी बारा बंदुकांत बोळे मीच घातले होते. सोमवारी अकरा काढले. बारावी हातात घेतली आणि तुझा बाप धावत आत आला. मुलगी झाली म्हणाला. मला उचलून गरागरा फिरवलं त्यानं. आख्खी शेड हसत होती. मी म्हटलं, थांब, आजचा पहिला बार तिच्यासाठी. आणि काडतूस भरलं. बघितलं नाही." त्यांनी नळीकडे बोट केलं. "डावा हात बरोबर तिथे होता."

नक्षी दारातून आत आली आणि भिंतीला टेकली.

"पण चौकशीत कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.

"नळीच्या बाबतीत त्याच्यापुढे बोलणार कोण? साहेबांनी नळी त्याच्याच हातात दिली आणि विचारलं. त्यानं आरपार बघितलं, चिंधी बघितली, आणि म्हणाला, नळी खराब होती, माझीच चूक. मग दुसऱ्या कुणी बघितलंच नाही. दवाखान्यात येऊन मला सांगितलं त्यानं. मी भांडलो. तर म्हणाला, दोन हातांच्या माणसाला कुठेही काम मिळतं. तुझी चूक ठरली तर तुला काढतील, आणि एका हाताच्या माणसाला ठेवणार कोण? वर म्हणाला, तुला बोलण्यात मीच गुंतवलं, अर्धी चूक माझीच."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. तुझ्या जन्माच्या आनंदात हे झालं म्हटल्यावर पोर जन्मभर मनाला लावून घेईल, म्हणाला." काकांनी टॉवेलची कड सरळ केली. "तुला बायका काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो. नोकरी होती ना."

 मग नक्षीनं जे विचारलं त्याची मला कल्पनाही नव्हती.

"माझ्या वाढदिवसाला बाबा कुठे जायचे?"

"इथे," काका म्हणाले. "त्या दिवशी मला घास उतरायचा नाही, म्हणून यायचा. दिवसभर बसायचा. मला जेवायला लावायचा आणि तुझ्या गोष्टी सांगायचा. दात कधी आला, सायकल कधी शिकलीस, पहिली वेल कशी कोरलीस. म्हणून तर तुला नक्षीकामाला घ्या असं मी साहेबांच्या मागे लागलो."

नक्षी खाली बसली आणि रडली. दुःखाचं रडणं आणि ओझं उतरल्याचं रडणं यातला फरक मला कळतो. दुसरं जास्त आवाज करतं. काकांनी त्यांचा एकच हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

६. नवं वाक्य

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंपुढे दोघांचं भांडण जुंपलं. काका म्हणत होते, चूक माझी, माझ्या नावावर छापा आणि मला घरी पाठवा. नक्षी म्हणत होती, काकांबद्दल एक अक्षर छापायचं नाही, बाबांनी जे झाकलं ते मी उघडणार नाही. मालकीणबाईंनी दोघांनाही बोलू दिलं. मग फुटकी नळी उचलली, खिडकीपाशी गेल्या आणि आरपार बघितलं. दिसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, चिंधी आडवी होती. तरी त्या पुष्कळ वेळ बघत होत्या.

"माझ्या वडिलांनीही बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "बाई, हेसुद्धा लिहा. आणि काका, घरी जाण्याचं नाव काढलंत तर बघा. नक्षीनं डबा कुणाला न्यायचा मग?"

मी तिथेच बसून पान लिहिलं. नळी निर्दोष होती, चौकशी अपुरी होती, नळीवाल्यांनी मित्राची नोकरी वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतला, आणि त्या मित्रानं ते आपण होऊन सांगितलं. मालकीणबाईंनी वाचलं आणि पहिल्याच ओळीपाशी पेन्सिल थांबवली.

"‘त्या दिवशी सकाळी नळीवाल्यांना मुलगी झाली.’ हे कंपनीच्या इतिहासात कशाला?"

"ते आधी सांगितलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी कागदाची गुंडाळी करून काकांकडे दिली, छापखान्यात पाठवायला. त्यांनी ती डोळ्याला लावली, आरपार बघितलं आणि म्हणाले, "मोकळी आहे."

पुस्तक आलं त्या रविवारी मी नक्षीकडे गेले होते. तिची मुलगी जमिनीवर पालथी पडून, ओळीखाली बोट फिरवत, एकशे त्रेचाळीसावं पान मोठ्यानं वाचत होती. पहिलीच ओळ वाचून ती थांबली.

"आई, ही मुलगी कोण?"

"मी," नक्षी म्हणाली.

"मग आजोबांनी काय केलं?"

"नाचले," नक्षी म्हणाली, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून पुढचं वाचायला मदत करू लागली.